बिनदाराची मेझुझा

३ जानेवारी, रविवार

आज आपल्या घरात आलो. ‘आपल्या’ हा शब्द लिहिताना पेन जरा दाबूनच धरलं. अठरा वर्षांत भाड्याची पाच घरं झाली, आणि एकाही घरात मालकाला विचारल्याशिवाय खिळा ठोकता आला नाही. आता हातोडी माझी, भिंत माझी. ही वहीही घरासाठीच घेतली आहे. काय दुरुस्त करायचं, कुणाला बोलवायचं, कोण किती वाजता येतो म्हणाला आणि किती वाजता आला, सगळं इथे लिहायचं.

घर लहान आहे पण सरळ आहे. पुढचं दार उघडलं की बैठकीची खोली. तिच्यातून आत गेलं की पॅसेज. पॅसेजच्या एका बाजूला आमची झोपायची खोली आणि बाबांची खोली, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर आणि माझी शिवणाची खोली. (माझी! शिवणाची! वेगळी खोली!) आणि टोकाला स्वयंपाकघर. बाबा म्हणजे माझे सासरे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, जीभ मात्र शाबूत आहे. मी फार हुकूम सोडते म्हणून मला फौजदार म्हणतात. सूनबाई वगैरे कधीच नाही.

आधीच्या मालकीणबाईही आपल्यातल्याच, त्यामुळे दारांच्या चौकटींवरच्या मेझुझा, पवित्र वचनांच्या त्या छोट्या नळ्या, त्यांनी तशाच ठेवल्या. नियमच आहे, पुढे येणारं कुटुंब यहुदी असेल तर त्या काढून न्यायच्या नाहीत. बाबा सामान उतरायच्या आधीच काठी टेकत आत शिरले आणि प्रत्येक दारात उजव्या हाताने चाचपून, मेझुझाला लावलेली बोटं ओठांना लावून, “आलो बरं का” म्हणत घरभर हिंडले. पंधरा मिनिटांत घर पाठ. मला अजून दिव्याची बटणं सापडत नाहीत.

नवऱ्याने आठवण करून दिली, भाडेकरूला मेझुझा लावायला तीस दिवसांची सूट असते. तीस दिवस राहिला की मगच तो त्या घरचा मानला जातो. आपण विकत घेतलंय, आपल्याला सूट नाही, पहिल्या दिवसापासून आपण इथलेच. मी म्हटलं, हे ऐकायला अठरा वर्षं थांबले होते.

५ जानेवारी, मंगळवार

नवरा कालच पहाटे कामावर गेला. त्याचा कारखाना लांबच्या गावी, शुक्रवारी दुपारी येतो आणि सोमवारी जातो. मी त्याला शुक्रवारचे पाहुणे म्हणते. त्यामुळे घराची कामं माझ्याच गळ्यात, आणि खरं सांगायचं तर मला ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात द्यायचीही नाहीत.

आज सुताराला बोलावलं. चांगला माणूस आहे, फक्त प्रत्येक गोष्टीला आधी “होणार नाही” म्हणतो आणि मग करतो. त्याला समजावलं की आमच्यात दुधाच्या पदार्थांची भांडी आणि मांसाची भांडी एकमेकांना लागू द्यायची नाहीत. म्हणून दोन सिंक, दोन कपाटं आणि ओट्याचे दोन भाग. दुधाचं कपाट खिडकीशेजारी बसतं. मांसाच्या भांड्यांच्या मोठ्या कपाटाला एकच जागा आहे, ती म्हणजे समोरची कोरी भिंत.

पण त्या भिंतीवर एक मेझुझा ठोकलेली आहे! रंगाचे इतके थर चढलेत की आधी मला ती भिंतीचा फुगवटाच वाटली. सुताराने विचारलं हे काय. सांगितलं की आत चर्मपत्राची गुंडाळी असते, तिच्यावर हाताने लिहिलेली वचनं असतात, घराच्या रक्षणासाठी. दारातून आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ती ठोकायची. तो म्हणाला, मग दार कुठंय? मी म्हटलं, तेच तर.

भिंतीला दार नाही, कधी असल्याची खूण नाही. मागून फिरून बघितलं, पलीकडे उघडी गल्ली, दोन सायकली आणि एक मांजर. शिवाय मेझुझा भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला येते. म्हणजे ठोकणाऱ्याला साधा नियमही माहीत नव्हता. आता आठवतं, किल्ल्या देताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, सातही जशाच्या तशा ठेवल्यात, मोजून घ्या. घराला मेझुझा लागणारी दारं सहा, न्हाणीघराला ती लावत नाहीत. मला वाटलं, वय झालंय, मोजण्यात चुकल्या.

८ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सुताराने सातवी काढली. सहज निघाली नाही. पटाशी घातली तेव्हा खिळे ओलं लाकूड सोडावं तसे कुरकुरत आले, आणि त्या सिमेंटच्या भिंतीत लाकूड कुठून आलं हे त्यालाही सांगता येईना. गुंडाळी मी स्वच्छ रुमालात बांधून शिवणाच्या खोलीत ठेवली. सोमवारी लेखनिकाकडे तपासायला पाठवीन. तो दुसऱ्या गावी असतो, मेझुझांची वचनं हाताने लिहिणं आणि जुनी तपासणं हेच त्याचं काम.

बाबांना सांगितलं. म्हणाले, फौजदार, ठोकणाऱ्याला काहीतरी वाटलं असेल ना? मी म्हटलं, वाटलं असेल, पण त्याला मांसाची भांडी ठेवायची नव्हती.

भोकं बुजवली, रंग मारला, आता खूणही दिसत नाही. भिंत कशी गुळगुळीत झाली आहे. सूर्य मावळला की शब्बाथ, उद्याच्या सूर्यास्तापर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस. तो सुरू व्हायला दीड तास आहे, तेव्हा वही बंद. उद्या लिहायचं नाही, ठोकायचं नाही, हुकूम सोडायचे नाहीत. (शेवटचं बाबांनी सांगितलंय.)

११ जानेवारी, सोमवार

कपाट बसलं! माझ्या मापापेक्षा अर्धा बोट उजवीकडे, पण बसलं. थाळे, मोठी पातेली, सुऱ्या, सगळं लाल फीत बांधून आत. दुधाच्या भांड्यांना निळी फीत. बाबांसाठी लाल कपाटाच्या मुठीला गाठ मारलेली दोरी बांधली.

गुंडाळी कुरिअरने लेखनिकाकडे रवाना.

बाबा जेवताना म्हणाले, पाठीला वारा लागतोय. त्यांची खुर्ची कपाटाला पाठ करून आहे. खिडकी बंद होती. मी शाल दिली.

१४ जानेवारी, गुरुवार

आज एक विचित्र प्रकार. बाबा अकराच्या सुमारास पॅसेजमधून स्वयंपाकघरात यायला निघाले आणि दारातच थबकले. उजव्या चौकटीवर हात फिरवत राहिले. मग डाव्या चौकटीवर हात नेला आणि हसले. म्हणाले, मला वाटलं मी आत येतोय, मी तर बाहेर चाललोय. आणि वळून परत पॅसेजमध्ये गेले.

जाऊन बघितलं. स्वयंपाकघराची मेझुझा डाव्या चौकटीवर होती. तेवढ्याच उंचीला, तशीच तिरपी. उजव्या चौकटीवर खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

सुताराने काढून उलटी लावली असेल. त्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या त्या नळीला मी परत हात लावणार नाही. जरा चिडूनच म्हणाला.

१७ जानेवारी, रविवार

शुक्रवारी नवरा आला तेव्हा त्यानेच ती हसत हसत उजवीकडे ठोकली. त्याचं मत, आधीपासूनच तशी असेल आणि आपलं लक्ष गेलं नसेल. पण बाबांचं लक्ष पहिल्या दिवशीच गेलं असतं. बाबांचे डोळे म्हणजे त्यांची बोटं. तसं मी बोलून दाखवलं तर म्हणतो, त्यांचं वय बघ. स्वतःच्या बापाला मोडीत काढायला मुलांना वेळ लागत नाही.

आज सकाळी ती परत डावीकडे. नवऱ्याने बघितलं, डोकं खाजवलं, परत उजवीकडे ठोकली. या वेळी तो हसला नाही.

२० जानेवारी, बुधवार

दुपारी शिवत बसले होते. मशीन थांबवलं की कुठेतरी केरसुणी फिरल्याचा आवाज. मशीन चालू केलं की बंद. आधी शेजारचा वाटला. मग फर्निचर सरकवल्यासारखं, जड काहीतरी, थोडं थोडं, मध्ये दम खात. मग टक टक टक, खिळा ठोकावा तसं.

स्वयंपाकघरात गेले. आवाज कपाटामागून.

धावत बाहेर पडले, घराला वळसा घालून गल्लीत गेले. भर दुपारचं ऊन. दोन सायकली, भिंतीला टेकून. मांजर नव्हतं. भिंतीला कान लावला तर पलीकडे माझाच नळ ठिबकत होता.

आत आले. परत टक टक टक.

तो आवाज मी ओळखते. नव्या घरात मी गेले अडीच आठवडे हेच करते आहे. कुणीतरी घर लावतंय.

२४ जानेवारी, रविवार

नवऱ्याला सांगितलं. तो अर्धा तास कपाटापाशी उभा राहिला, काही आलं नाही. त्याच्यासमोर कसं येईल. मी म्हटलं आपण चार दिवस तुझ्या बहिणीकडे जाऊ. बाबांनी साफ नकार दिला. हे घर हाताला पाठ झालंय, या वयात दुसरं पाठ होणार नाही म्हणाले. मला म्हणाले, तू असल्यावर मला कशाची भीती. मी हसले, आणि त्यांची खुर्ची कपाटापासून लांब सरकवली.

आज बैठकीच्या खोलीतून पॅसेजमध्ये जायच्या दारावरची मेझुझाही डावीकडे गेली आहे. स्वयंपाकघराची पुन्हा डावीकडे. आमच्या खोलीची, बाबांच्या खोलीची, शिवणाच्या खोलीची मात्र जागच्या जागी.

का? ज्याला मोडायचं असेल तो सगळंच मोडील. हा निवडून निवडून मोडतो.

२७ जानेवारी, बुधवार

लेखनिकाचा फोन आला. अक्षरं स्वच्छ आहेत म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीची असावीत आणि काल लिहिल्यासारखी. मग विचारलं, कोणत्या दाराची. सांगितलं, दाराची नाही, भिंतीची. त्याने तेच पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग विचारलं, काढून किती दिवस झाले. मोजले. आठ तारखेपासून आज वीस. तो म्हणाला, आजच परत पाठवतो, होती तिथेच लावा, तीस दिवस होऊ देऊ नका. का ते सांगेना. म्हणाला, तीस दिवसांनी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

ठाऊक आहे. तीस दिवस राहिला की तो त्या घरचा मानला जातो.

लगेच मालकीणबाईंना फोन लावला. मुलाकडे राहतात. नाव सांगताच म्हणाल्या, काढलीत ना? रागावल्या नाहीत, रडायला लागल्या. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं तेवढंच त्यांना माहीत. पलीकडे कोण आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा रंगाऱ्यांनी ती नऊ दिवस काढून ठेवली होती. त्या नऊ दिवसांत स्वयंपाकघराची मेझुझा बाजू बदलायची. सासूने दुसरी ठोकून बघितली, खिळाच धरला नाही. तीच परत लावली तेव्हा शांत झालं. आणि म्हणाल्या, एक दिवसही घर रिकामं ठेवू नका. तुम्ही गेलात तर तिथे राहणारं कोण उरतं?

मी विचारलं, हे घर विकताना का नाही सांगितलंत? म्हणाल्या, सांगितलं असतं तर घेतलं असतंत?

३१ जानेवारी, रविवार

कुरिअर आलं नाही. फोन केला की वाटेत आहे म्हणतात.

नवऱ्याने आता माझं ऐकायला सुरुवात केली आहे. काल, शब्बाथच्या दुपारी, त्यानेही ऐकलं. कपाटामागे कुणीतरी थाळे मांडत होतं. एक, दोन, तीन, चार. आम्ही तिघं आहोत.

आज त्याने लाल कपाट उघडलं. थाळे होते तसेच. फक्त माझ्या लाल फिती नव्हत्या. सगळ्या सोडून, घड्या घालून, खणाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या. मी घालते तशाच घड्या.

रजा मिळत नाही म्हणून तो उद्या जाणार. म्हणाला, बाबांना एकटं सोडू नकोस. जसं काही हे मला सांगायला हवं.

२ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना प्रत्येक दारातून मी हात धरून नेते. त्यांना आवडत नाही. म्हणतात, फौजदाराने आता अटकच केली.

आज मी दूधवाल्याशी दोन मिनिटं बोलत होते, तेवढ्यात ते बैठकीच्या खोलीतून निघाले. मी आले तर पॅसेजच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात, तोंड आत करून उभे. म्हणाले, मी पुढच्या दाराकडे येत होतो, प्रत्येक दाराची मेझुझा डाव्या हाताला लागत गेली, म्हणजे बाहेर— मग थांबले. त्यांना स्वतःलाच ते जुळेना. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती बघितली.

मला म्हणाले, मी हरवलो का गं, घरातल्या घरात?

त्यांना खुर्चीत बसवलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

४ फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या दाराची मेझुझा डावीकडे गेली.

बाहेरून येणाऱ्याच्या डाव्या हाताला. बाहेर जाणाऱ्याच्या—

कुरिअर नाही. अठ्ठावीस.

आवाज आता थांबलेत. सगळं लावून झाल्यासारखे. हे जास्त वाईट आहे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आलं! दुपारी साडेतीनला, पाकीट एका बाजूने भिजलेलं, पण गुंडाळी कोरडी. एकोणतिसावा दिवस. उद्या तिसावा आणि उद्या शब्बाथ, खिळा ठोकायचा नाही. म्हणजे आजच, सूर्य मावळायच्या आत.

सुताराला फोन केला. नेहमीप्रमाणे “होणार नाही” म्हणाला आणि वीस मिनिटांत हजर. नवराही तेवढ्यात पोचला. दोघांनी मिळून कपाट बाजूला सरकवलं. भिंत कोरी, गुळगुळीत, रंग मी निवडलेला. सुताराने विचारलं, कुठे? त्याला आठवत नव्हतं, मला घाई होती, खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. मी भिंतीसमोर उभी राहिले आणि बोट दाखवलं. उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीला, नीट तिरपी, नियमाप्रमाणे. आशीर्वचन म्हटलं. खिळे लोण्यात जावेत तसे गेले.

बाबांना हाताला धरून आणलं, त्यांचा हात तिच्यावर ठेवला. सांगितलं, ही बघा बाबा, परत जागेवर, उजव्या हाताला. त्यांनी बोटं ओठांना लावली. म्हणाले, शाबास फौजदार.

घर शांत आहे. मेणबत्त्या मांडल्यात. दहा मिनिटं आहेत. झालं एकदाचं. वही बंद करते, रविवारी नळाचं—

६ फेब्रुवारी, शनिवार

शब्बाथ आहे आणि मी लिहिते आहे. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायची मुभा आहे. हे मला बाबांनीच शिकवलं.

बाबा भिंतीत गेले.

दुपारचे पावणेतीन झालेत. दोनला मी आमच्या खोलीत होते. दहा मिनिटं पडले. दहाच मिनिटं. त्यांची काठी ऐकली पॅसेजमध्ये, पाण्यासाठी निघाले असतील. मग त्यांचं नेहमीचं, “आलो बरं का.” मग काठी पडल्याचा आवाज. स्वयंपाकघरात आले तर काठी त्या भिंतीपाशी जमिनीवर. चपला भिंतीपाशी, टाचा माझ्याकडे. बाबा नाहीत.

भिंत कोरी. हात लावला, गार.

नवऱ्याने गल्ली बघितली, घर बघितलं, मग त्याने ऐकलं. बाबांचा आवाज. आतून. सुतार फोन उचलत नाही, म्हणून तो त्याच्या घरी धावत गेलाय, पहार आणायला. मी इथे बसले आहे. कुणीतरी इथे बसायला हवं. तो आला की त्याला सगळं सांगायचंय, पण तोंडाने धड सांगता येणार नाही. लिहिलं तर डोकं जागेवर राहतं.

आता कळलं. उशिरा कळलं. जुनी मेझुझा भिंतीकडे तोंड केलं की डाव्या हाताला होती. मी हसले होते. चूक नव्हती ती. भिंतीतून इकडे येणाऱ्याच्या ती उजव्या हाताला होती. त्याच्यासाठी होती. इथून पुढे घर राखलेलं आहे, हे त्याला सांगायला.

म्हणूनच झोपायच्या खोल्यांना हात लागला नाही. तिथे आम्हीही पॅसेजमधून शिरतो आणि तोही. स्वयंपाकघर, पॅसेज, पुढचं दार, एवढीच दारं तो आमच्या उलट दिशेने ओलांडतो. त्याने आमचं घर आपल्या बाजूने लावून घेतलं. मी लावते तसं, एकेक दार.

आणि काल मी काय केलं. भिंतीसमोर उभी राहून माझ्या उजव्या हाताला ठोकली. म्हणजे भिंतीतून येणाऱ्यासाठी काहीच नाही, आणि आत जाणाऱ्यासाठी दार. मी बाबांना दार करून दिलं. त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला.

बाबा बोलताहेत. घाबरलेले नाहीत. म्हणतात फौजदार, केवढी खोली काढलीस गं ही. पुढे अजून एक दार आहे, उजव्या हाताला मेझुझा आहे. मी ओरडले, थांबा, पुढे जाऊ नका. “आलो बरं का,” म्हणाले. लांबून.

उजव्या हाताला लागली की ते आत जातात. अकरा वर्षं असेच चालत आलेत.

ओरडून सांगितलं, मागे वळा बाबा. परत येताना डावीकडे, डाव्या हाताला शोधा. ऐकू गेलं का कळत नाही.

हातोडी माझ्या हातात आहे. मेझुझा काढून जुन्या जागी, डाव्या हाताला ठोकली की भिंतीतला तो येऊ शकणार नाही. पण मग हे दार राहणार नाही, बाबा पण— 

नाही. बाबा येईपर्यंत नाही. सूर्यास्ताला तीस दिवस पूर्ण. अजून तीन तास आहेत. तेवढ्यात येतील.

तीन वाजले. नवरा नाही अजून.

काठीचा आवाज! येताहेत. टक, टक, दम खात, टक. त्यांनी ऐकलं माझं. देवा.

जवळ आलेत. भिंतीच्या अगदी मागे. विचारताहेत, फौजदार, कोणत्या हाताला? मी सांगितलं, डाव्या हाताला ठेवून सरळ या बाबा, या, घर आपलंच आहे, या—

बाबांची काठी माझ्या मांडीवर आहे.

आत्ता बघितलं. मघाशी उचलून ठेवलेली. ती इथे आहे.

लांबून, खूप लांबून कुणीतरी ओरडतंय. तोही बाबांचाच आवाज आहे. सांगू नकोस म्हणतोय. फौजदार, सांगू नकोस.

मी सांगितलंय. घर आपलंच आहे म्हणाले मी. मीच या म्हणाले.

हातोडी— खिळा निघत नाही. निघत ना

टक टक आता भिंतीच्या या